मूल अडतं तिथून सुरू कर

परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्या, मला वर्गात काहीतरी नवीन करून दाखवायचंय." त्यातलं 'करून दाखवायचंय' माझ्या मनात घर करून बसलं. तेव्हा बोलले नाही, तू आनंदात होतीस. पवित्र पोर्टलच्या यादीत नाव लागलं, शाळा पुण्यातच मिळाली, वर्गही दुसरीचा. आनंद व्हायलाच हवा. पण जूनमध्ये वर्गात पाऊल टाकण्याआधी काही गोष्टी तुझ्या कानावर घालायच्या आहेत. एकतीस वर्षं पुण्यातल्या मराठी शाळांत शिकवताना त्यातल्या निम्म्या मी माझ्या मुख्याध्यापिकाबाईंकडून घेतल्या आणि उरलेल्या मुलांनी शिकवल्या.

पहिले पंधरा दिवस नवीन काहीही सुरू करू नकोस. एक दोनशे पानी वही घे आणि मूल कुठे अडतं, तेवढं बघ. अडलेलं मूल "मला येत नाही" असं म्हणत नाही. ते वहीवर हात आडवा धरतं, खोडरबर शोधायला दप्तरात डोकं घालतं, नेमक्या त्याच वेळी पाणी प्यायला जाऊ का विचारतं. कोण, कोणत्या तासाला, कुठल्या शब्दाशी थांबलं, ते तारीख घालून लिही. मत लिहू नकोस. 'गणितात कच्ची' हे तुझं मत झालं. 'त्रेसष्ट म्हटल्यावर ३६ लिहिलं' ही नोंद झाली. मतातून पुढे वाट फुटत नाही, नोंदीतून फुटते.

त्रेसष्टची गोष्ट माझ्याच वर्गातली आहे. एक मुलगी होती, आई-वडील गुलबर्ग्याकडचे, बांधकामावर कामाला. चुणचुणीत पोर. दुकानातून सुटे पैसे बरोबर मोजून आणायची आणि वर्गात मी "त्रेसष्ट" म्हटलं की ३६ लिहायची. मी पुन्हा पुन्हा घोकून घेतलं, पन्नास वेळा लिहायला लावलं. त्या पन्नास ओळी आठवल्या की अजून जीव कळवळतो. एके दिवशी तिच्याशेजारी बसकरावर बसले आणि म्हटलं, तुमच्या बोलीत मोजून दाखव बरं. ती घडाघडा मोजायला लागली. साठाच्या पुढे गेल्यावर तिला थांबवून "अरवत्तमूरु" लिहायला सांगितलं. तिने पेन्सिल उचलली आणि ६३ लिहिले, एका दमात.

कानडीत अरवत्तु म्हणजे साठ, मूरु म्हणजे तीन. आधी साठ ऐकू येतात, मग तीन, आणि लिहितानाही आधी सहा, मग तीन. आपल्या 'त्रेसष्ट'मध्ये तीन आधी ऐकू येतात, साठ मागून येतात. पोरगी कानाशी इमान राखून लिहीत होती. ऐकलं तसं लिहिलं, म्हणून ३६. त्यात आपली 'एकोण'ची नावं. 'एकोणऐंशी' ऐकलं की मुलाच्या कानात ऐंशी घुमतात आणि वहीत आठाने सुरुवात होते. घरी मराठीच बोलणारी मुलंही याच ठिकाणी अडखळत होती. त्यांचं अडखळणं मी इतकी वर्षं आळस समजत आले होते.

मग मी काय केलं, ते नीट ऐक, कारण तुझा वर्ग दुसरीचाच आहे. झाडूच्या काड्या सारख्या लांबीच्या कापल्या. दहा काड्यांना एक रबर, तो दशकाचा गठ्ठा. पत्र्याचे दोन डबे. डाव्या डब्यात गठ्ठे, उजव्यात सुट्या. डबे मुलाच्या समोर ठेवायचे आणि आपण त्याच्याच बाजूला बसायचं. समोर बसलीस तर तुझं डावं ते त्याचं उजवं होतं आणि सगळा घोटाळा नव्याने सुरू होतो. सहा गठ्ठे, तीन सुट्या. मुलाने आधी म्हणायचं "साठ तीन", मग लिहायचं, मग मी म्हणायची, "यालाच आपण त्रेसष्ट म्हणतो." दिवाळीच्या सुट्टीपर्यंत 'साठ तीन' चाललं. सुट्टीनंतर मुलं आपणहून त्रेसष्ट म्हणू लागली. कुणाला काही सोडायला लावावं लागलं नाही.

पण त्या वर्षी वर्ग बघायला आलेल्या एका साहेबांनी मुलांच्या तोंडी "सत्तर चार" ऐकलं आणि सगळ्या वर्गादेखत मला विचारलं, "बाई, तुम्हाला चौऱ्याहत्तर म्हणता येत नाही का?" मला उत्तर सुचलं नाही. माझ्या मुख्याध्यापिकाबाई तिथे होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "साहेब, एक गठ्ठा सोडून बघा." आणि त्यांनी त्या गुलबर्ग्याच्या मुलीला पुढे बोलावलं. त्या दोन मिनिटांनी माझी नोकरी वाचवली असं मी म्हणणार नाही, पण माझी हिंमत वाचली. ती गेली असती, तर पुढची वीस वर्षं मी फळ्यावर लिहून देत राहिले असते आणि मुलं उतरवून घेत राहिली असती.

पुढे २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात हीच वाट छापून आली, तेव्हा मी निवृत्त होते. डॉ. मंगला नारळीकर गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या. 'त्रेसष्ट'ही ठेवलं होतं आणि सोबत 'साठ तीन'ही. केवढा गदारोळ झाला! 'मराठी बुडाली' म्हणत वर्तमानपत्रांत चर्चा झाली, विधिमंडळातही विषय गेला. मंगलाताई न चिडता पुन्हा पुन्हा एकच सांगत राहिल्या, की मुलाला अंकांची भीती वाटू नये म्हणून हे केलंय, जुनी नावं कुणी काढून घेतलेली नाहीत. २०२३ साली त्या गेल्या. माझं मत तुला स्पष्ट सांगते: टीका करणाऱ्यांपैकी थोड्यांनी जरी एखाद्या दुसरीतल्या मुलाशेजारी बसून त्याला एकोणसत्तर लिहायला सांगितलं असतं, तरी वाद निम्मा झाला असता. आणि त्यातून एक शिक. नवी रीत पालकांना पुस्तकातून किंवा बातमीतून कळता कामा नये, ती तुझ्या तोंडून आधी कळायला हवी.

म्हणून पालकसभा. सकाळी अकराची सभा ठेवशील तर तुझ्या वर्गातल्या आया धुण्याभांड्याच्या कामावर असतील आणि वडील साइटवर. मुख्याध्यापकांना विचारून महिन्यातून एकदा संध्याकाळी साडेसहाची ठेव, शाळेत जमत नसेल तर वस्तीतल्या मंदिराच्या ओट्यावर ठेव. भाषण देऊ नकोस. काड्यांचे डबे पुढे ठेव आणि आईलाच म्हण, "त्रेसष्ट करून दाखवा." जिने स्वतः गठ्ठे बांधले, ती उद्या शेजारणीला समजावते. घरी मुलाशी कसं वागावं यावर काही वाचायला हवं असेल तर 'पालकनीती' घे; पुण्यातूनच निघतं, १९८७ पासून. त्यातला एखादा लेख मोठ्याने वाचून दाखवलास तरी सभेला रंग येतो.

दुसऱ्याच्या शाळेत चांगलं चाललेलं असतं ते बघायला जरूर जा. पण काय बघायचं, ते ठरवून जा. सातारा तालुक्यात कुमठे बीट आहे. तिथे विस्तार अधिकारी प्रतिभाताई भराडे यांनी आपल्या शिक्षकांबरोबर ज्ञानरचनावादाचं काम उभं केलं. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आला तेव्हा राज्यभरातून शिक्षक गाड्या करून ते बघायला गेले. आम्हीही गेलो. तिथे वर्गातल्या फरशीवर तक्ते, चौकोन, अक्षरं रंगवलेली होती आणि मुलं त्याभोवती गटाने बसून आपापलं शिकत होती. परत येऊन अनेकांनी पहिलं काम काय केलं असेल, तर रंगाचे डबे आणले. फरशा रंगल्या. मुलं मात्र पूर्वीसारखीच रांगेत, रंगवलेल्या चौकोनांवर बसकर टाकून बसली. कुमठ्याच्या बाईंनी फरशी रंगवली, कारण मुलाला भिंतीवरचा तक्ता हाताळता येत नाही, भोवती बसता येत नाही. आधी मुलांना गोलात बसवायचं ठरलं, मग फरशीची गरज पडली. तेव्हा कुठेही गेलीस की एकच प्रश्न विचारायचा: "हे सुरू करायच्या आदल्या दिवशी तुमच्याकडे काय अडलं होतं?" तीच अडचण तुझ्याकडे असेल तर उपाय घेऊन ये. नसेल तर चहा घे, आभार मान आणि ये.

आपल्याच जिल्ह्यात खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषदेची शाळा बघ. पट इतका घटला होता की शाळा बंद पडायच्या बेताला आली होती. तिथले शिक्षक वारे गुरुजी आणि गावकऱ्यांनी ती उभी केली आणि २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांचा पुरस्कार तिला मिळाला. तिथे मुलं एकमेकांचे 'विषयमित्र' असतात. ज्याला जे येतं ते तो दुसऱ्याला शिकवतो, वयाने धाकटा असला तरी. हे करायला तुला एक पैसाही लागणार नाही. फक्त मूल दुसऱ्याला शिकवत असताना मध्ये न बोलण्याचा संयम लागेल, आणि तो मला तरी दहाव्या वर्षी आला.

पैशाचा विषय निघालाय तर सांगते. तुझं मानधन १६,००० रुपये. त्यातून वर्गावर खर्च करायचा नाही, हा माझा हुकूम समज. नव्या शिक्षिका हौसेने रंगीत कागद, लॅमिनेशन, बाजारातली खेळणी आणतात, ऑगस्टपर्यंत पाकीट रिकामं होतं आणि मन खट्टू होतं. शिवाय महागाची वस्तू आपण कपाटात जपून ठेवतो. मुलाच्या हाताने मोडली तरी चालेल, अशीच वस्तू मुलाला खरी शिकवते.

हे मी शिकले विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत. तिथे 'पुलस्त्य' नावाची इमारत आहे, पुलंच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून झालेली. तिच्यात मुक्तांगण विज्ञान शोधिका. अरविंद गुप्ता तिथे २००३ पासून अकरा वर्षं होते. आयआयटी कानपूरला शिकलेला माणूस, पुण्यात टेल्कोत नोकरीला होता. १९७८ मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेला, तिथल्या आठवडी बाजारात सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब दिसली आणि काडेपेटीच्या काड्या त्या नळीने जोडून आकार करायची कल्पना सुचली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, पण आमच्या मुलांना ते लक्षात आहेत ते जमिनीवर बसून त्यांच्या हातात कागद देणारे म्हणून.

काड्या आणि नळीचा तो प्रयोग वर्गात करच. काड्यांचं गुल आधी खरवडून टाक, ते मुलांच्या हाती द्यायचं नाही. नळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे काप. तीन काड्या जोडून त्रिकोण, चार काड्या जोडून चौकोन. मग दुसरं काही न बोलता एवढंच म्हण, "दाबा." चौकोन एका बाजूला कलतो, पतंगासारखा होतो, लोळण घेतो. त्रिकोण तसाच राहतो. कितीही दाबा. माझ्या वर्गात तेव्हा सगळे "बाई, हा का नाही हलत?" म्हणून ओरडत होते आणि मागच्या ओळीतला एक मुलगा, वर्षभरात क्वचितच बोललेला, उठून म्हणाला, "परांचीला तिरका बांबू लावतात ना, म्हणून." त्याचे वडील परांची बांधायचे. उभे-आडवे बांबू म्हणजे चौकोन. तिरका बांबू पडला की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि वर माणूस निर्धास्त उभा राहतो. हे त्याने बापाच्या हाताखाली बघितलं होतं. मी त्याला पुढे बोलावलं. त्याने चौकोनात तिरकी काडी घालायचा प्रयत्न केला, ती आखूड पडली. आखूड का पडली, यावर पुढचे दोन तास गेले. अभ्यासक्रमात त्या दिवशी दुसरं काहीतरी होतं. माझ्या वहीत त्या तारखेपुढे फक्त 'तिरकी काडी आखूड' एवढंच लिहिलंय.

पुण्यात सायकली होत्या तेव्हा व्हॉल्व्ह ट्यूब गल्लीच्या कोपऱ्यावर मिळायची. आता जुन्या पेठांतल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानांत विचार. मीटरवर घे, स्वस्त पडते.

आयुकातलंच आणखी एक. खगोलशास्त्रज्ञ जयंतराव नारळीकरांकडे मुलं सही मागायला गर्दी करायची, तेव्हा ते सांगत, सही आत्ता नाही, पोस्टकार्डावर मला एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर देईन आणि त्याखाली सही करीन. मुलाचा प्रश्न हीच मोलाची गोष्ट, हे इतक्या साधेपणाने कुणी शिकवलं नसेल. तू वर्गात बुटाच्या खोक्याची प्रश्नपेटी ठेव. ज्याला लिहिता येत नाही, त्याचा प्रश्न तू लिहून घे, त्याच्याच शब्दांत. शुक्रवारी एक चिठ्ठी काढ. उत्तर माहीत नसेल तर "मला माहीत नाही, सोमवारपर्यंत शोधते" असं म्हण. आणि सोमवारी विसरू नकोस. मुलं विसरत नाहीत.

तसंच लिखाणाचं. 'माझा आवडता प्राणी' दे हवं तर, पण मुलांना त्यांचं स्वतःचं लिहू दे. फुले दांपत्याने १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, हे आपण दरवर्षी जयंतीला सांगतो. त्यांच्याच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ मध्ये तो 'ज्ञानोदय'त छापून आला, हे मात्र फार कमी वर्गांत सांगितलं जातं. त्या शाळेत मुलीला आपलं दुःख लिहिण्याची मुभा होती, याहून मोठं नवेपण मी तरी शाळेत पाहिलेलं नाही. तुझ्या वर्गातलं मूल "काल रात्री घरी पाणी आलं नाही, आई रडली" असं लिहील. तिथे शुद्धलेखनाची लाल रेघ मारू नकोस. आधी वाच, त्याच्याशी बोल. ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्या दिवशी बघता येतं.

आता मुख्याध्यापकांशी कसं वागायचं ते. गिजुभाईंचं 'दिवास्वप्न' तू डी.एड.ला वाचलंस. त्यातले मास्तर लक्षात राहतात, पण त्यांना एक वर्ग आणि एक वर्ष मोकळं देणारा अधिकारी आपण विसरतो. त्याने परवानगी दिली नसती तर पुस्तकच नसतं. तू परवानगी मागताना लहान माग: "एक विषय, तीन आठवडे, शेवटी तुम्ही येऊन बघा." 'तुम्ही येऊन बघा' हे फार महत्त्वाचं. ज्याला बोलावलंय तो तपासायला येत नाही, पाहुणा म्हणून येतो. नाही म्हणाले तर चिडू नकोस. त्यांच्यावर पट, शालेय पोषण आहार, ऑनलाइन माहिती भरायची यांचं ओझं असतं. आठवड्याने पुन्हा विचार, आणि त्या वेळी एका मुलाची वही हातात घेऊन जा.

आमच्या बाईंची एक पद्धत होती. शनिवारची सकाळची शाळा सुटली की सगळ्या जणी अर्धा तास थांबायच्या. चहा यायचा. मग प्रत्येकीने सांगायचं ते फक्त एकच: या आठवड्यात काय फसलं. पहिल्यांदा बाईच सांगायच्या. "मी प्रार्थनेच्या वेळी गोष्ट सांगायला लागले, पण उन्हात मुलं पेंगली." त्यांनी आधी सांगितलं म्हणून आम्हाला सांगता आलं. मी एकदा जीव ओतून दोनशे शब्दपट्ट्या केल्या आणि भिंतीवर लावल्या, महिनाभर एकाही मुलाने वाचल्या नाहीत. शनिवारी ते बोलले तेव्हा बालवाडीच्या ताई म्हणाल्या, "तुमच्या डोळ्यांच्या उंचीला लावल्यात. मुलांच्या उंचीला लावा." सोमवारी सगळ्या पट्ट्या खाली आल्या. तुझ्या शाळेत असं बसणं नसेल तर तू आणि शेजारच्या वर्गाची बाई, दोघींनीच सुरू करा. पुढेमागे तूच मुख्याध्यापिका होशील, तेव्हा पहिलं वाक्य तुझं असू दे.

आणि नवोपक्रम स्पर्धा. कुमठेकर रस्त्यावरच्या एससीईआरटीकडून दरवर्षी होते. तुला पहिल्याच वर्षी कुणीतरी भाग घ्यायला सांगेल. घे, वाईट काही नाही. चांगले अहवाल वाचायला मिळतात. पण गरज, उद्दिष्टं, नियोजन, कार्यपद्धती, यशस्विता हे मथळे आधी लिहून मग वर्गात काय करायचं ते ठरवू नकोस. तसं केलंस की यशस्विता आधीच लिहून झालेली असते आणि मग मूल अडलेलं दिसलं तरी डोळे त्यावरून घसरतात. तुझी दोनशे पानी वही भरू दे. अहवाल त्यातून चार रात्रींत होतो. फोटो काढायचाच तर मुलाच्या हातांचा काढ. सगळी मुलं कॅमेऱ्याकडे बघत असली म्हणजे त्या क्षणी शिकणं थांबलेलं असतं.

रविवारी दुपारनंतर घरी ये. माझ्या दोन्ही पत्र्याच्या डब्यांवर 'दशक' आणि 'एकक' अजून वाचता येतं. माळ्यावरून काढून पुसून ठेवलेत. काड्या मोजल्या, चारशे वीस भरल्या. तुझा पट बत्तीसचा आहे म्हणालीस, तेव्हा गटाने पुरतील. रबर मात्र सगळे वाळून तुटलेत. येताना एक पाकीट नवे घेऊन ये, पातळ नको, जाड बघ. गठ्ठे आपण दोघी मिळून बांधू.